जर्मन काका, फ्रेंच मामा आणि आमचे वकील भाऊजी

ज्यांना कोर्टात हरवले त्यांच्याच घरून लग्नाची पत्रिका ज्याला सगळ्यांत आधी येते, असा वकील साऱ्या विदर्भात एकच झाला असेल, आणि तो प्रताप नगरात आपल्या घरापासून दोन प्लॉट सोडून राहतो. तो म्हणजे तुमच्या आजोबांचा मावसभाऊ. व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलणारे आणि मध्येच वाकून "हा आवाज कोणाचा, थोरलीचा का धाकट्याचा?" असे विचारणारे गृहस्थ तुम्ही पाहिले आहेत, तेच. मी त्यांना भाऊजी म्हणते. थोरलीने मागच्या रविवारी विचारले की, आजी, आम्हाला कायदा शिकायचा आहे, तर मध्येच हे युरोपातल्या तत्त्वज्ञांचे जाडजूड विषय कशाला घातले आहेत, कोर्टात याचा उपयोग काय? मी म्हटले, लिहून कळवते. कारण त्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले एकमेव उत्तर म्हणजे भाऊजी, आणि भाऊजी फोनवर मावत नाहीत.

भाऊजींना तत्त्वज्ञान लागले ते चुकून, जशी एखाद्याला उन्हाळ्यात उसाचा रस प्यायला गेल्यावर कावीळ लागते तसे. धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यातली पुस्तके विकायला काढली होती. तपकिरी कातडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे पुसट झालेली. भाऊजींना वाटले, जुने लॉ रिपोर्ट आहेत. ऑटोत घालून दोन पोती घरी आणली, उघडून बघतात तर आत सगळे जर्मन आणि फ्रेंच तत्त्वज्ञ, इंग्रजीत भाषांतर होऊन आलेले. विकणारा परत घेईना. दुसऱ्या कोणी ती रद्दीत घातली असती. पण भाऊजींच्या आईचा, म्हणजे माझ्या मावससासूबाईंचा, नियम कडक होता, पानात वाढून घेतलेले टाकायचे नाही. भाऊजींनी तोच नियम पुस्तकांना लावला. घेतलीत ना, मग संपवा. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, दिवाणी वकिली जोरात चालली होती, लग्न केलेले नसल्यामुळे संध्याकाळी अडवणारे कोणी नव्हते. पहिल्या पानावर त्यांना एक अक्षर कळले नाही, पण इतकी वर्षे खरेदीखते वाचल्यामुळे न कळणाऱ्या भाषेची त्यांना भीती उरली नव्हती. मी इंग्रजीची एम.ए. म्हणून रोज संध्याकाळी ते पुस्तक घेऊन आमच्या व्हरांड्यात येत. "वहिनी, काय करून राहिल्या? हे वाक्य कुठं संपते तेवढं पाहून सांगा." मी भाजी निवडता निवडता चष्मा लावायची आणि क्रियापद शोधायला मला पान उलटावे लागायचे.

त्या विद्वानांची नावे भाऊजींच्या जिभेवर कधी बसली नाहीत. मग त्यांनी आपल्या पद्धतीने नाती लावून टाकली. जितके जर्मन तितके सगळे जर्मन काका, जितके फ्रेंच तितके सगळे फ्रेंच मामा. काका कडक, शिस्तीचे, एकदा सुरुवात केली की मुळापर्यंत जाणारे. मामा लाडावलेले, कोड्यात बोलणारे, पण अडचणीच्या वेळी धावून येणारे. "काकाचं म्हणणं असं आहे, का कोणताच कागद स्वतःहून बोलत नाही. वाचणारा ज्या जमिनीवर उभा असते, तिथूनच त्याले अर्थ दिसते." किंवा, "मामा म्हणते, काय लिहिलं ते पाहाच, पण काय लिहायचं राहून गेलं तेही पाहा." हे सारे ते पक्षकारांसमोर बोलत. खेड्यांतून आलेल्या त्या साध्या माणसांना वाटे की वकीलसाहेबांचे एक काका आणि एक मामा फार शिकलेले आहेत, आणि साहेब कोणतीही केस घेण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून घेतात. यात त्यांना काही चूक वाटत नसे, उलट विश्वासच वाढे. मौद्याचे एक म्हातारे गृहस्थ दर तारखेला येताना मामांसाठी म्हणून घरची तूरडाळ आणत. भाऊजी ती मुकाट्याने घेत आणि माझ्याकडे पोचवत. मी म्हणायची, "भाऊजी, त्यांना सांगा तरी." तर म्हणायचे, "काहून सांगू? मामा असता तर त्याले डाळ आवडली नसती का?"

हे वाचन पुस्तकात राहिले असते तर माझी तक्रार नव्हती. पण भाऊजी जे वाचत ते दुसऱ्या दिवशी घरात आणि कोर्टात करून पाहत. एका मामाने म्हणे असे लिहिले होते की, सत्ता ही हुकमात असते त्यापेक्षा जास्त खोलीच्या रचनेत असते. कोण उंचावर बसतो, कोण उभा राहतो, कोणी विचारायचे आणि कोणी फक्त उत्तर द्यायचे, हे बाकांनीच ठरवलेले असते. झाले! भाऊजींनी सुताराला बोलावून ऑफिसातल्या स्वतःच्या खुर्चीचे पाय कापून घेतले, म्हणजे पक्षकार वर आणि वकील खाली. दुसऱ्या दिवशी नरखेडकडचे दोघे आले, त्यांनी साहेबांची खुर्ची पाहिली, एकमेकांकडे पाहिले आणि साहेबांपेक्षा उंच कसे बसायचे म्हणून सरळ खाली फरशीवर बसले. मग भाऊजीही फरशीवर बसले. ते खाली आले म्हणून ते दोघे आणखी मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले. शेवटी मी एक सतरंजी पाठवली. तेव्हापासून भाऊजींचे ऑफिस सतरंजीवरच चालले, आणि कायद्यातल्या समतेपायी त्यांचे दोन्ही गुडघे गेले ते गेलेच. ती कापलेल्या पायांची खुर्ची अजून आपल्याकडे आहे. धाकटा लहानपणी जिच्यावर बसून दूध प्यायचा, ती हीच.

आमच्या लेआउटच्या गेटवर सोसायटीने पाटी लावली होती, "बाहेरच्यांनी आत गाड्या लावू नयेत." बाकीच्यांनी ती वाचली आणि विसरून गेले. भाऊजी रोज फिरून येताना तिच्यासमोर उभे राहायचे. एकदा त्यांनी सेक्रेटरींना तिथेच गाठले. "बाहेरचा म्हणजे कोण जी?"

"जो इथं राहत नाही तो," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमचा जावई?"

"तो घरचाच झाला ना!"

"आणि दूधवाला? तो तर रोज येते, जावई दिवाळीत येते."

"वकीलसाहेब, अहो, सगळ्यांना कळते बाहेरचा कोण ते!"

"तेच तर म्हणून राहिलो. सगळ्यांले कळते, म्हणून कोणी लिहिलं नाही. आणि जे लिहिलं नाही त्याच्यावरच चौकीदार रोज भांडून राहिला."

सेक्रेटरी चिडले, पण पुढच्या आठवड्यात पाटी बदलली. नव्या पाटीवर लिहिले होते, "फाटकासमोर गाडी लावू नये, रुग्णवाहिका येऊ शकत नाही." चौकीदाराची भांडणे थांबली. भाऊजींच्या साऱ्या तत्त्वज्ञानातून आमच्या लेआउटला झालेला हा एक थेट फायदा.

त्यांची आणखी एक सवय जेवणाच्या टेबलाची. दर रविवारी ते आपल्याकडे जेवायला असत, आणि चालू केस ते समोरच्या पक्षाच्या बाजूने मांडत. समोरच्याचा चेहरा डोळ्यांपुढे आल्याशिवाय आपल्याला आपल्या बाजूचे काही बोलायचा हक्क नाही, असे कोणत्या तरी मामाने त्यांच्या मनावर बिंबवले होते. एकदा त्यांनी प्रतिवादीची बाजू इतक्या कळवळ्याने मांडली की तुमचे आजोबा वरणाचा चमचा खाली ठेवून म्हणाले, "अरे, मग तू त्याच्याविरुद्ध उभा तरी कसा राहतोस? लाज नाही वाटत?" भाऊजी रुसून ताक न पिता गेले. आणि केस जिंकली की पक्षकार संत्रा बर्फीचा डबा घेऊन येई, तेव्हा भाऊजी अभिनंदन स्वीकारायचे सोडून त्याला विचारत, "निकाल मिळाला. न्याय झाला का?" तो गोंधळून म्हणे, "साहेब, आपण जिंकलो ना जी?" मग भाऊजी त्याच डब्यातली अर्धी बर्फी घेऊन हरलेल्याच्या घरी जात, त्याच्या अंगणात बसत, त्याची शिवीगाळ ऐकून घेत आणि चहा पिऊन परत येत. पत्रिका येतात त्या तिथून.

आता ती केस सांगते, जिच्यात हे सगळे शास्त्र भाऊजींच्या अंगावर उलटले होते.

नरखेड तालुक्यात कौसल्याबाई नावाच्या बाई आहेत, स्वतःच्या सासरच्या गावी राहणाऱ्या. नवरा अचानक गेला, मुली लग्न होऊन गेल्या, आणि संत्र्याची बाग एकट्या सांभाळत. बाग त्यांची आणि दिराची शेजारी शेजारी, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विहीर. वाटणीपासून विहीर सामाईक, एक दिवस यांची पाळी, एक दिवस त्यांची. एके वर्षी पौष संपता संपता कौसल्याबाई मोटार सुरू करायला गेल्या, तर पंपाच्या खोलीला दिराने नवे कुलूप लावलेले. तो म्हणाला, "तू तर पाणी घेणं सोडूनच दिलं होतं, वहिनी. आता विहीर माही." बाई एसटीने नागपूरला आल्या आणि थेट सतरंजीवर येऊन बसल्या.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाला थंडीत मुद्दाम पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होऊन वळतात, झाड आता जाते की काय असे परक्याला वाटते, आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडले की ते फुलांनी भरून येते. तीच वर्षाची बहार. पण नेमक्या वेळी पाणी मिळाले नाही तर बहार तर जातेच, झाडेही वाळायला लागतात. कौसल्याबाईंची बाग पूर्ण ताणावर होती, आणि पाणी कुलुपात. आठवडाभरात काही झाले नाही तर नवऱ्याने हाताने लावलेली झाडे समोर उभी वाळणार होती. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, झाडं माह्याकडे पाहून राहिली जी."

कुठल्याही वकिलाने अशा वेळी घट्ट, ठरलेल्या भाषेत अर्ज लिहिला असता, "वादी ही सदर विहिरीच्या पाण्याचा अखंड व निर्वेध उपभोग घेत आली आहे," वगैरे. पण भाऊजींचा त्या काळात कायद्याच्या भाषेवर राग होता. माणूस बोलतो एक आणि कागदावर उमटते दुसरेच. वादी नावाचे कोणीतरी बाईच्या तोंडून बोलते आणि बाई मुकी होते, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी कौसल्याबाईंना सांगितले, तुम्ही बोला, मी लिहितो, आणि प्रतिज्ञापत्र अक्षरशः त्यांच्या शब्दांत लिहिले. मी ते वाचले होते. फार सुंदर होते. त्यात एक वाक्य होते, "पौष महिन्यात मी विहिरीचे पाणी घेतले नाही." बाईंनी सांगितले तसे.

तारखेच्या आदल्या दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या तुम्ही सोबत चला. पक्षकार बाई आहे, ओळखीचं कोणी जवळ असलं का तिले धीर राहील." मी आपली गाडी काढली, आणि तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर कौसल्याबाईंच्या शेजारी बसले. पुढे दीर, डोक्यावर पांढरी टोपी, मागे वळून आमच्याकडे बघायचे टाळत. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, चेहऱ्यावर कामाचा थकवा पण नजर स्वच्छ. समोरचे वकील शहरातून आलेले, चपळ. त्यांनी भाऊजींचेच प्रतिज्ञापत्र हातात उंच धरले आणि ते एक वाक्य मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले. "मॅडम, वादी स्वतः शपथेवर म्हणते की तिने पाणी घेतले नाही. वापर सोडला. हक्क सोडला. आता बहार बघून पुन्हा हक्क सांगते आहे. मला आणखी काही बोलायचे नाही."

भाऊजींचा चेहरा असा पडलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. बाईंचा शब्द जपायला गेले आणि त्याच शब्दाने बाईंची बाग नेली असती. कौसल्याबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारले, "बाई, खरं बोलली तेच चुकलं का माहं?" तेवढ्यात समोरच्या वकिलांनी, जिंकलेली बाजू आणखी पक्की करावी म्हणून, वळून त्यांनाच विचारले, "बाई, हे असे लिहायला तुम्हाला कोणी सांगितले होते का?"

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेबाच्या फ्रेंच मामानं. ते म्हणते, ज्याचं बोलणं त्याच्याच शब्दात लिहावं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले. "हे मामा कोण? या केसमध्ये साक्षीदार आहेत का?"

"नाही, मॅडम," भाऊजी खाली मान घालून म्हणाले. "मामा वारले."

"केव्हा?"

"बरीच वर्षं झाली. पॅरिसला."

मागच्या बाकांवर कोणीतरी "अरेरे" म्हणाले. न्यायाधीशबाईंच्या ओठांचे कोपरे हलले, पण त्या हसल्या नाहीत. आणि मला वाटते, त्या एका हलण्याने भाऊजींना श्वास घ्यायला वेळ मिळाला. ते सावकाश उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, ते वाक्य माझ्या पक्षकाराचंच आहे, मी त्याच्यातलं एक अक्षर मागं घेत नाही. पण कायदा वापर शोधते तेव्हा फक्त वाहणारं पाणी पाहते. एखादी बाई संध्याकाळी दिवा विझवून झोपते, तर तिनं घर सोडलं असं आपण म्हणत नाही. ओळीत दोन शब्दांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, ती काढून टाकली तर वाचता येईल का? न देणं हाही पाणी देण्याचाच एक भाग असू शकते. हे मी सांगितलं तर वकिलाचं बोलणं होईल. म्हणून विनंती एवढीच, का तुम्ही प्रतिवादीले एक प्रश्न विचारा. पौषात त्यांची मोटार चालू होती का?"

समोरचे वकील घाईने उठले, "मॅडम, हा प्रश्नच इथे..." पण न्यायाधीशांनी हात वर केला आणि दिराकडे पाहिले. "तुम्ही सांगा. पौषात तुम्ही बागेला पाणी दिले होते?"

दीर उभे राहिले. माझी खात्री आहे, त्यांना खोटे बोलायचे होते. "हो जी, रोज देत होतो," एवढे म्हटले असते की झाले होते. पण कोर्टात गावाकडचे निम्मे बागायतदार आपापल्या तारखांसाठी बसलेले होते, आणि पौषात बागेला पाणी दिले असे चारचौघांत कबूल करायचे म्हणजे आपल्याला संत्रे कळत नाही असे कबूल करायचे. त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, पौषात कोणता येडा पाणी देते जी? ताण नाही का द्यावा लागत! माह्या बापजन्मात मी ताण मोडला नाही. माही बाग पाहा तुम्ही येऊन, तालुक्यात अशी बहार नाही!"

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकांवरून दोघे-तिघे आपसूक म्हणाले, "बरोबर हाय." न्यायाधीशबाईंनी विचारले, "मग तुम्हीही पाण्यावरचा हक्क सोडून दिला होता का?" दिरांनी टोपी काढून हातात धरली, आणि पहिल्यांदा मागे वळून आपल्या वहिनीकडे पाहिले.

तात्पुरता मनाई हुकूम त्याच दिवशी मिळाला. कुलूप काढायचे, पाळी पूर्वीसारखी चालू ठेवायची. पण भाऊजींचे समाधान होईना. ते म्हणाले, "मॅडम, आणखी एक. पहिल्या पाळीची मोटार प्रतिवादीनं स्वतः सुरू करावी, असा हुकूम द्या." न्यायाधीश म्हणाल्या, "वकीलसाहेब, असा हुकूम देता येत नाही. कायद्यात बसत नाही."

"माहीत आहे," भाऊजी म्हणाले, "म्हणूनच मागून राहिलो. नाही म्हटलेलं तरी त्यांच्या कानावर पडावं."

ऐकू गेले होते. संध्याकाळी आम्ही कौसल्याबाईंना सोडायला बागेत गेलो तेव्हा दीर मोटारसायकलवरून आमच्या आधी पोचले होते. कुलूप काढून खोलीच्या दारात उभे होते. भाऊजींकडे न बघता म्हणाले, "वहिनी, बटण तुम्हीच दाबा. उगा कोर्टात म्हणू नका, का दिरानं दाबलं नाही." कौसल्याबाई म्हणाल्या, "तुमीच दाबा नं भाऊ. तुमच्या दादाच्या वेळेस तुमीच दाबत होते." मोटार घुरघुरली, पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी. पहिल्या ओळीतल्या आळ्यात ते सावकाश पसरत गेले.

थोरले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर यात आले का, मला सांगता येणार नाही. त्या मोठमोठ्या विद्वानांनी भाऊजींना त्या दिवशी आधी बुडवले आणि मग वाचवले, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी भाऊजींना एकही कलम शिकवले नाही. फक्त कागदाच्या पलीकडे कोण उभे आहे, ते बघितल्याशिवाय पान उलटू दिले नाही. मूळ दाव्याचा निकाल आजवर लागलेला नाही. तारखा पडत राहिल्या, दोन्ही बाजूंना घाई नव्हती, आणि तो तात्पुरता हुकूम अजून पाळला जातो आहे. दीर आणि भावजय यांच्यात फार गोडवा आला असे नाही. बांधावरून बोलतात, सणाला पुरणपोळी पाठवतात, आणि पाळी चुकली की भांडतात.

भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी काळा कोट उतरवला. गेल्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठले, पण तेव्हापासून वास येईनासा झाला आहे. अन्न गरम आहे की गार एवढेच कळते म्हणतात, आणि शेंगा सोलतात. या फेब्रुवारीत कौसल्याबाईंनी निरोप धाडला की बाग फुलली आहे, साहेबांना घेऊन या. मी घेऊन गेले. संत्र्याच्या फुलांचा वास तुम्ही कधी घेतला नाहीत. दुरूनच, गाडीतून उतरायच्या आधीच तो येतो, आणि माणसे बोलताना आवाज आपोआप खाली आणतात. कौसल्याबाई होत्या, दीर होते, दिरांची सून कडेवर पोर घेऊन आलेली होती. सगळे झाडांखाली उभे होते, मध्ये खुर्चीवर भाऊजी. दिरांनी एक फुललेली डहाळी तोडून त्यांच्या हातात दिली. भाऊजींनी ती नाकाला लावली, बराच वेळ धरली, आणि छान आहे म्हणाले.

परत येताना मी विचारले, "आला का हो थोडा तरी?"

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "पण तुम्ही सगळे घेऊन राहिले होते ना, ते पाहत होतो."

डहाळी त्यांनी मांडीवर ठेवली होती, तिचा वास गाडीभर भरला होता. मला बंद गाडीत गुदमरते, हे तुम्हाला माहीत आहे. पण नागपूर येईपर्यंत मी काच खाली केली नाही.